चौदा पानं, एक ओव्हन आणि पाण्याचा हिशोब

प्रकरण न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आहे. जुलैतला रविवार, सकाळी अकराला चौदा पानं: नऊ मोठी माणसं, पाच मुलं. घरात नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, एक शाळकरी मुलगी आणि ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. ओव्हन एकच. येणाऱ्यांपैकी तिघं अंडं खात नाहीत. त्यातलं एक जोडपं बारा महिने खात नाही आणि एका काकूंनी चातुर्मास लागल्यापासून सोडलेलं. बाकीच्या मंडळींना मात्र 'ब्रंच' म्हटल्यावर काहीतरी अमेरिकन, गोड आणि अंड्याचं हवंच होतं. मुलांनी तर नाव घेऊन फ्रेंच टोस्ट मागितला होता.

कांदेपोहे सासूबाईंकडे, चहा नवऱ्याकडे, फ्रेंच टोस्ट सुनेकडे अशी वाटणी झाली. तव्यावर करायचा तर एका वेळी चार स्लाइस. चौदा जणांसाठी प्रत्येकी दोन धरले तरी सात घाणे. शेवटचा निघेपर्यंत पहिला गार होणार, आणि घरची बाई दीड तास शेगडीपाशी उभी राहणार. म्हणून तिने अमेरिकेत नाताळच्या किंवा ईस्टरच्या सकाळी घरोघरी चालतो तो मार्ग धरला. पावाचे तुकडे अंडं-दुधात रात्रभर भिजवून, फळं घालून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी अख्खा ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. आदल्या रविवारी तिने रंगीत तालीम केली. ती फसली, आणि फोटो माझ्याकडे आले.

फोटोंत वरचा थर कडक आणि कडेला काळपट होता. चमचा घातला की खाली लापशी. मधे ब्लूबेरीभोवती करडे-जांभळे डाग, आणि ट्रे तिरपा केला की कोपऱ्यात पाणी. "कमी भाजलं गेलं असेल, अजून वीस मिनिटं ठेवू का पुढच्या वेळी?" असा तिचा प्रश्न होता. बहुतेक जण इथेच चुकीच्या वाटेला लागतात. खाली ओलं राहिलं की सगळ्यांचा हात ओव्हनच्या वेळेकडे जातो.

मी तिला कोपऱ्यातल्या पाण्याचा रंग विचारला. या पदार्थात तळाशी साचणारं पाणी तीन जातींचं असतं. दुधट, किंचित चिकट आणि कच्च्या अंड्याचा वास असलेलं पाणी म्हणजे मिश्रण शिजलेलं नाही. स्वच्छ, पिवळसर पाणी आणि त्यात पनीरच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर उलट, अंडं जास्त शिजलंय. प्रथिनांचं जाळं आवळत गेलं की धरून ठेवलेलं पाणी ते बाहेर टाकतं. अशा वेळी ट्रे आणखी वीस मिनिटं भाजला तर पाणी वाढतंच. तिसरं पाणी गुलाबी-जांभळं, ते फळाचं. हिच्या ट्रेमध्ये पहिलं आणि तिसरं दोन्ही एकत्र होतं, आणि वरचा थर मात्र जळायला आला होता. एकाच ट्रेमध्ये वर जास्त आणि खाली कमी शिजणं याचं कारण बहुतेकदा एकच असतं: भांड्यात इतकं पाणी आहे की मध्यभाग तापायलाच तयार नाही.

मग आम्ही हिशोब मांडला. तालमीसाठी तिने साडेचारशे ग्रॅम मऊ सँडविच ब्रेड घेतला होता, न वाळवता, पिशवीतून काढून थेट. आठ मोठी अंडी. अमेरिकेतलं मोठं अंडं कवच काढून साधारण पन्नास ग्रॅम भरतं, म्हणजे चारशे ग्रॅम, आणि अंड्यात तीन चतुर्थांश पाणी: 300 ग्रॅम. तीन कप दूध, म्हणजे 720 मिली. त्यात सुमारे 630 ग्रॅम पाणी. इथपर्यंत ठीक, अमेरिकन पाककृतींत असंच प्रमाण सर्रास असतं. पण त्यावर 300 ग्रॅम फ्रोझन ब्लूबेरी आणि 300 ग्रॅम पीचच्या फोडी, दोन्ही साखर लावून रात्रीच आत. ब्लूबेरीत सुमारे 84 टक्के पाणी असतं, पीचमध्ये 89 टक्के. दोन्हींचं मिळून 515 ग्रॅमच्या आसपास झालं. फळ हे पाककृतीत 'घन' म्हणून लिहिलेलं असतं आणि आपणही तसंच धरतो. प्रत्यक्षात तिने अंडं-दुधाच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त पाणी फळांच्या नावाखाली ओतलं होतं. पावाच्या स्वतःच्या अंगात साठून असलेलं वेगळंच. एकूण बेरीज 1,445 ग्रॅम, जवळजवळ दीड लिटर. साडेचारशे ग्रॅम मऊ ब्रेडने ते कुठे जिरवायचं?

फ्रोझन फळ आणि साखर या जोडीने आणखी घात केला. फळ गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि भिंती फोडतात. वितळलं की रस आपोआप बाहेर. साखर तर ताज्या फळातूनही पाणी ओढून घेते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर जे होतं तेच इथे रात्रभर, फ्रिजच्या आत, कुणाचं लक्ष नसताना चालू होतं.

आता पाव. तिने 'शिळा' ब्रेड मुद्दाम दोन दिवस ठेवला होता, पण पिशवीत बंद. पिशवीतला ब्रेड शिळा होतो म्हणजे त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून तो हाताला कडक लागतो. पाणी मात्र फारसं गेलेलं नसतं. ओव्हनमध्ये तापला की तो परत मऊ पडतो. शिळेपण आणि कोरडेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या पदार्थाला कोरडेपण लागतं. एक इंचाचे तुकडे करून 300 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 150 सेल्सिअसच्या आसपास, पंधराएक मिनिटं ठेवले की साडेचारशे ग्रॅममागे साठ ग्रॅमपर्यंत वजन उतरतं. रंग येऊ द्यायचा नाही, नुसते वाळवायचे. वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर तोलून बघा. नजरेने कळत नाही.

पाव कुठला घ्यायचा याचं उत्तर तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. एडिसनला लागूनच हायलंड पार्क आहे. तिथे ज्यू वस्ती मोठी, आणि त्यांच्या बेकऱ्यांत शुक्रवारी शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, 'हाला' भाजला जातो. वेणी घातलेला, अंडं आणि तेल घातलेला, किंचित गोडसर, पिवळा पाव. कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहाराच्या, नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही; मांसाच्या जेवणातही चालावा म्हणून त्यात दूध-लोणी सहसा नसतं. अमेरिकेतल्या ज्यू घरांत शब्बाथचा उरलेला हाला रविवारी फ्रेंच टोस्टमध्ये जातो ही जुनीच रीत आहे, आणि तिचं वेळापत्रक आपल्या कामाला जणू मोजून बेतलेलं: शुक्रवारी ताजा, शनिवारी संध्याकाळपर्यंत एक दिवसाचा, रात्री भिजवायला योग्य. एकच पथ्य. या बेकऱ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे शुक्रवारी दुपारीच जाऊन आणायचा. ती ऑफिसमधून परतताना घेऊन आली.

याच पावावरून सासूबाईंनी जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा ठरला. अंडं न खाणाऱ्यांसाठी वेगळा छोटा ट्रे करायचं ठरलंच होतं: अंड्याऐवजी कस्टर्ड पावडर, बाकी सगळं तेच. सुनेने हालाचे दोन पाव ओट्यावर ठेवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा पाव इतका पिवळा कशानं? ह्यातच अंडं नाही ना?"

"आहे की, आई. अंडं घालूनच करतात तो. वरूनही लावतात."

"मग त्या तिघांना काय देणार आहेस?"

बिनअंड्याचा पदार्थ अंड्याच्या पावात, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ब्रिओश या अंडं-लोण्याच्या फ्रेंच पावाचीही हीच गत. काही गोड बन आणि डिनर रोलवरही चकाकीसाठी अंडं फासलेलं असतं. चातुर्मासातल्या काकूंनी कदाचित हसून सोडून दिलं असतं. बारा महिने न खाणाऱ्या जोडप्याने नसतं सोडलं, आणि तसं त्यांनी का सोडावं? रात्री भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर जाऊन लेबल वाचून बिनअंड्याचा मिल्क ब्रेड आला. सोबत हापूसच्या पल्पचा डबाही आला, कारण त्या रस्त्यावर गेल्यावर एकच वस्तू घेऊन कुणी परत येत नाही.

कस्टर्ड पावडरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे नेटवरच्या निम्म्या पाककृती गंडवतात. त्या सांगतात की पावडर थंड दुधात कालवा, पावावर ओता, रात्रभर ठेवा. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. कॉर्नफ्लोअर थंड दुधात विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि मग खाली बसतं. आठ तासांत सगळं पीठ तळाशी जमा, वर नुसतं दूध. सकाळी भाजल्यावर खाली रबरी थर आणि वर ओला पाव मिळतो. म्हणून ते रात्रीच शिजवायचं. सहाशे मिली दुधात दोन सपाट टेबलस्पून पावडर, नेहमीच्या कस्टर्डपेक्षा पातळ, एक उकळी येऊन पिठाचा कच्चट वास जाईपर्यंत. मग कोमट असतानाच वाळवलेल्या तुकड्यांवर ओतायचं. गार होऊन घट्ट झाल्यावर ओतलं तर पावात शिरत नाही, वर बसून राहतं. कोमट ओतलं तर उथळ भांड्यात लवकर निवतं आणि लगेच फ्रिजमध्ये जाऊ शकतं. गोडीला शंभर ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, आणि वेलची. चव फ्रेंच टोस्टपासून सरकून शाही तुकड्याच्या गल्लीत शिरते, याला इलाज नाही आणि तक्रारही नाही. हापूसचा पल्प आत घालायचा मोह तिला झाला होता. तो वाढताना वरून घालायचं ठरलं: डब्यातला पल्प बहुधा साखर घातलेला असतो, आणि पाण्याचा हिशोब नव्याने बिघडवायची हौस कुणालाच उरली नव्हती.

सासूबाईंची दुसरी शंका अंड्याबद्दलची. "रात्री फोडलेलं अंडं सकाळपर्यंत ठेवायचं म्हणजे मला नाही पटत. वास येईल." या शंकेला 'आई, तसं काही नसतं' असं म्हणून वाटेला लावू नये, तिच्यात दोन खऱ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सुरक्षिततेची. फोडलेलं अंडं आणि दूध यांचं मिश्रण ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. फ्रिज 40 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 4 सेल्सिअसच्या खाली हवा. आणि शिजल्यावर मध्यभाग निदान 160 अंश फॅरनहाइटला, 71 सेल्सिअसला पोचायला हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अंड्याच्या पदार्थांसाठी हाच आकडा आहे. पार्टीच्या आदल्या रात्री फ्रिज ठासून भरलेला असतो आणि दार सारखं उघडतं. त्यामुळे ट्रे आत मागच्या बाजूला, खालच्या कप्प्यात ठेवायचा, आणि त्यासाठी कोकच्या बाटल्या बाहेर बर्फात गेल्या तरी चालतात.

दुसरी गोष्ट वासाची. अंड्याचा उग्र वास रात्रभर ठेवल्याने येत नाही, जास्त तापवल्याने येतो. पांढऱ्या बलकातली गंधकयुक्त संयुगं तेव्हा सुटतात. आठ अंडी आणि काळपट कडा म्हणजे वासाला आमंत्रणच. अंडी सहावर आणली. मिश्रण गाळून घेतलं, म्हणजे पांढऱ्याचे न मोडलेले तंतू निघून जातात. भाजल्यावर तेच गाठी होऊन दाताखाली येतात आणि 'अंडं-अंडं लागतंय' ही तक्रार बहुतेकदा त्यांचीच असते. संत्र्याची किसलेली साल, व्हॅनिला, दालचिनी आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका. त्याशिवाय हा पदार्थ नुसता गोड लागतो.

ब्लूबेरी ताजी घ्यायची ठरली, आणि जुलैत न्यू जर्सीत राहून फ्रोझन घेण्याला तसाही अर्थ नव्हता. शेतात लावलेली, टपोरी ब्लूबेरी याच राज्यात जन्माला आली. शतकापूर्वीपर्यंत ती रानातून वेचून आणायची वस्तू होती. दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्सच्या आम्लयुक्त, रेताड जमिनीत व्हाइट्सबॉग नावाच्या गावी एलिझाबेथ व्हाइट यांच्या घरच्यांची क्रॅनबेरीची शेती होती. कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांचं ब्लूबेरीच्या लागवडीवरचं काम वाचून व्हाइट यांनी त्यांना आपल्या जमिनीवर प्रयोग करायला बोलावलं. स्वतः आसपासच्या लोकांना रानातून मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला लावलं, फळ मोजायला ठरावीक भोकाची पट्टी देऊन. शोधणाऱ्याचं नाव झुडपाला मिळायचं. रुबेल ही जात अजूनही तशीच ओळखली जाते. 1916 साली पहिलं विक्रीचं पीक निघालं. हॅमंटन हे तिथलंच गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं.

आपल्या ट्रेच्या दृष्टीने मोठ्या फळापेक्षा घट्ट सालीचं फळ महत्त्वाचं. ताज्या ब्लूबेरीवर पांढुरकी मेणासारखी साय असते. न फुटलेलं फळ रात्रभर दुधात राहिलं तरी रस सोडत नाही. वापरायच्या वेळीच धुवायची, आणि मग कापडावर पूर्ण सुकवायची. साखर लावायची नाही, फक्त अर्धा चमचा लिंबाचा रस. त्याने करड्या डागांचाही बंदोबस्त होतो: ब्लूबेरीचा रंग आम्लात लालसर-जांभळा खुलतो आणि आम्ल कमी झालं की निळसर-करडा पडतो. अंड्याचा पांढरा बलक अल्कधर्मी असल्याने तालमीत तो पडलाच होता. निम्मी बेरी रात्री मधल्या थरात, निम्मी सकाळी वरून.

पीच मात्र ट्रेमधून हद्दपार. चिरलेल्या पीचला साल राखत नाही, ते रस सोडणारच. फोडी शनिवारी रात्री वेगळ्या ताटलीत, थोडं लोणी घालून, ओव्हनमध्ये कडा लालसर होईपर्यंत भाजून ठेवल्या. पाणी उडालं, गोडी वाढली, आणि सकाळी त्या बाजूला वाढायला तयार. याच कारणाने स्ट्रॉबेरीही रात्री आत घालू नये; तिच्यात पाणी 91 टक्के. अननस, पपई आणि किवी कच्चे असताना तर दुधाजवळही आणू नयेत. त्यांच्यातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स रात्रभरात दूध कडू करतात. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तापवल्यामुळे एन्झाइम निकामी झालेलं असतं.

नवं प्रमाण असं बसलं: हाला साडेचारशे ग्रॅम, वाळवून 390च्या आसपास. सहा अंडी. दोन कप दूध, अर्धा कप क्रीम. साखर शंभर ग्रॅम. ब्लूबेरी 300 ग्रॅम. पाण्याची बेरीज 965 ग्रॅम, त्यातून पावाने वाळून मोकळी केलेली साठ ग्रॅमची जागा वजा. तालमीपेक्षा अर्धा लिटर कमी. नऊ बाय तेरा इंचांचा तोच ट्रे.

शनिवारी रात्री साडेनऊला ट्रेला लोणी, निम्मे तुकडे, निम्मी बेरी, उरलेले तुकडे. मिश्रण एकदम न ओतता दोनदा, मधे दहा मिनिटं थांबून. हाताने हलकं दाबायचं, आणि झोपायच्या आधी वरचे तुकडे उलटे करायचे, नाहीतर वरची बाजू कोरडीच राहते आणि सकाळी तीच जळते. बदाम, ओट्स, ब्राउन शुगर, मैदा आणि थंड लोणी यांचा चुरा वेगळ्या डब्यात. तो रात्रीच वर घातला असता तर विरघळून मिश्रणात गेला असता आणि कुरकुरीत काही उरलंच नसतं. आदल्या रात्री काय करायचं आणि काय मुद्दाम करायचं नाही, ही विभागणी जिथे चुकते तिथे हा पदार्थ चुकतो. कोरडं ते कोरड्यात आणि ओलं ते ओल्यात, भाजेपर्यंत.

रविवारी नऊला ओव्हन 350 फॅरनहाइटवर, साधारण 177 सेल्सिअस, तापायला लावला आणि त्याच वेळी ट्रे फ्रिजबाहेर आले. काचेचं गार भांडं तापल्या ओव्हनमध्ये एकदम घालायचं नाही, ते तडकू शकतं. आणि फुटलं तर नुकसान फक्त भांड्याचं होत नाही, चौदा जणांच्या खाण्यात काचा होतात. अर्धा तास ओट्यावर राहिला की तापमानातली दरी कमी होते. तरीही धास्ती वाटत असेल तर धातूचा किंवा एनॅमलचा ट्रे वापरावा. साडेनऊला दोन्ही ट्रे फॉइल लावून आत. छोटा, बिनअंड्याचा ट्रे वरच्या जाळीवर. ही सूचना नवऱ्याची होती आणि चांगली होती: अंड्याचा ट्रे वर ठेवला आणि उतू गेला तर थेंब नेमके खालच्या ट्रेमध्ये. दोन ट्रे एकत्र असले की वेळ वाढतो, त्यामुळे एकट्या ट्रेची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं इथे लागू नव्हती. दहाला जाळ्या न बदलता ट्रे फक्त पुढचे मागे फिरवले. दहा-दहाला फॉइल काढून मोठ्यावर चुरा आणि उरलेली बेरी, छोट्यावर नुसते बदाम आणि थोडं तूप. दहा पस्तीसला मोठ्याच्या मध्यभागी थर्मामीटर 158 दाखवत होता. दहा पंचेचाळीसला 171. काढला. छोट्यात शिजायचं काही नव्हतं, नुसता तापायला आणि वरून लाल व्हायला हवा होता. तो दहा मिनिटं आधीच बाहेर आला होता.

थर्मामीटर नसेल तर ट्रे हलवून बघायचा: कडा स्थिर आणि मध्य एकसंध थरथरला पाहिजे, लाट उठता कामा नये. पण काही डॉलरांचं ते यंत्र घ्यावंच असं माझं मत आहे. वरून लाल दिसणं आणि आतून शिजणं यांचा काहीही संबंध नाही, आणि ओव्हनच्या बटणावरचा आकडा तर निव्वळ सदिच्छा.

पंधरा मिनिटं ट्रेला हात लावायचा नाही. तेवढ्यात अंडं बसतं आणि तुकडा सुबक निघतो. पाहुणे अर्थातच अकराला आले नाहीत, सव्वाअकराला आले, आणि हा पदार्थ तेवढं सहन करतो. तव्यावरच्या फ्रेंच टोस्टने केलं नसतं. तळाशी पाणी नव्हतं. एका कोपऱ्यात थोडा दाट जांभळा रस होता. तो मुलांनी भांडून घेतला. मॅपल सिरप आणलं होतं, पण भाजलेल्या पीचमुळे मोठ्यांपैकी फारसं कुणी घेतलं नाही. एकाने हिरवी मिरची आणि केचअप मागितला; घरोघरच्या कांदा-मिरचीच्या फ्रेंच टोस्टवर वाढलेला माणूस, त्याला हे गोड प्रकरण काही झेपेना. तो पोह्यांकडे वळला आणि सुखी झाला.

छोट्या ट्रेचं गणित मात्र चुकलं. तिघांसाठी केला होता, हापूसचा पल्प दिसल्यावर अंडं खाणाऱ्यांनीही त्यात चमचे घातले. काकूंच्या वाट्याला जेमतेम एक तुकडा आला. सासूबाईंनी तो आधीच बाजूला काढून ठेवला होता म्हणून आला. अशा बेतात न खाणाऱ्यांचा ट्रे माणसं मोजून करायचा नसतो. आणि त्याचा चमचा वेगळा ठेवून भागत नाही, तो ट्रेच आधी त्यांच्यापुढे न्यायचा.

पुण्या-मुंबईत हे करायचं तर काही गोष्टी बदलाव्या लागतील. घरगुती ओटीजीत नऊ बाय तेराचा ट्रे बऱ्याचदा मावत नाही. आठ इंची चौकोनी भांडं आणि सगळं निम्म्याने. निम्मं केलं की वेळही कमी लागतो, पण निम्मा नाही. पाऊण धरून तपासायला लागा. ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, त्यामुळे फॉइल जास्त वेळ ठेवायची. हालाच्या जागी बेकरीतला न कापलेला मिल्क ब्रेड घेऊन जाड तुकडे करावेत आणि नीट वाळवावेत. पातळ स्लाइसच्या ब्रेडचा लगदा होतो. पावसाळ्यात ब्रेड ओट्यावर उघडा ठेवून वाळत नाही, बुरशी मात्र धरतो, तेव्हा ओव्हनच. जिथे रात्री वीज जाते तिथे अंड्याचं मिश्रण रात्रभर ठेवायच्या भानगडीत न पडता पाव आणि चुरा तेवढा आदल्या रात्री तयार ठेवावा आणि मिश्रण पहाटे ओतावं. नीट वाळलेल्या पावाला तास-दीड तास पुरतो. फळांत हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भाजून बाजूला, मे महिन्यात आंब्याच्या घट्ट फोडी वरून, आणि एरवी सफरचंद, लोण्यात परतून. केळं चालतं, पण रात्री घातलं तर काळं पडतं, सकाळी घाला.

मोठ्या ट्रेमधले दोन तुकडे उरले. फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं हा त्यांचा वाईट उपयोग, कारण अंडं पुन्हा आवळतं आणि पाणी सुटतं. तव्यावर थोडं लोणी टाकून दोन्ही बाजूंनी मंद आचेवर परतले तर कडा कुरकुरीत होतात. मुलीच्या डब्यात तेच गेले.